सरांचा क्विंटल

क्विंटल हा शब्द कुठून आला, हे जळकोटात कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. सरांनी ते सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी टाळायचा प्रयत्न केला त्यांना गाठून सांगितलं.

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे, ते इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, हे माझं नशीब. मी डबा उघडला की सर माझ्या भाकरीकडं बघून विचारत, "मॅडम, ज्वारी काय क्विंटलनं घेतली?" भाव सांगण्यात अर्थ नसे, कारण भाव त्यांना नकोच असायचा. "क्विंटल! मूळ कुठलं? लॅटिन. सेंटेनारियस, म्हणजे शंभराचा. तो ग्रीकांनी उचलला. ग्रीकांकडून अरबांकडं गेला, तिथं त्याचा झाला किंतार. अरबांकडून स्पेनमध्ये, फ्रान्समध्ये, मग इंग्लंडात. आणि इंग्रजांकडून कुठं आला?" इथं ते थांबत. मी भाकरीचा तुकडा मोडे. मग उत्तरही तेच देत, "आपल्या मोंढ्यात!" आणि मला काहीतरी बक्षीस दिल्यासारखे खुर्चीत मागं रेलत.

हे सगळं बरोबर होतं, हीच खरी अडचण होती. खोटं बोलणाऱ्याला आपण गप्प तरी करू शकतो. सर एकही अक्षर चुकीचं सांगत नसत. फक्त ते ज्याला सांगत, त्याला त्या वेळी दुसरंच काहीतरी हवं असे.

वर्गातली मुलं तर त्यांच्या तावडीतच होती. धडा शेतकऱ्याचा असो नाहीतर आगगाडीचा, त्यात कुठंतरी वजन यायचंच, आणि वजन आलं की सर तिथं तळ ठोकायचे. पौंड म्हणजे काय, तो लिहिताना इंग्रज एल आणि बी ही अक्षरं का लिहितात, रोमन लोक तराजूला लिब्रा कसं म्हणत, यात जून जायचा. जुलैत टन. टन म्हणजे मुळात दारूचं मोठं पिंप, एवढं ऐकून पोरं हसायची, आणि सरांच्या तासाला हसायला मिळायचं ते तेवढंच. क्विंटल निघाला की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुस्तकाचं पान उलटत नसे. पोरं इंग्रजीत ढिगानं नापास व्हायची. हेडमास्तरांनी कारण विचारलं की सर छत्री जमिनीवर टेकवून म्हणत, "पोरं मुळाशी जात नाहीत." नापास होण्याचं मूळ शोधायला मात्र ते स्वतः कधी गेले नाहीत.

ती छत्री बाराही महिने त्यांच्या हातात असायची. उन्हात उघडायची नाही, पावसात उघडली तर उघडली. तिचा खरा उपयोग समोरच्याचा रस्ता अडवण्यासाठी. छत्री सोडली तर सर हातात काहीही धरत नसत. पुस्तकं शिपाई आणायचा, भाजीची पिशवी त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, आणायच्या. गॅसची टाकी आली की काकू ती फिरवत फिरवत ओट्यापर्यंत न्यायच्या, आणि सर दारात उभं राहून टाकीवर छापलेलं वजन मोठ्यानं वाचून दाखवायचे. वजन या विषयात आयुष्य घातलेल्या या माणसानं स्वतः कधी वजन उचललेलं मी पाहिलं नाही. एकदा मी काकूंना म्हणाले, "त्यांना का सांगत नाही?" काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सांगितलं तर ते टाकी म्हंजे काय ते सांगत बसतील ओ मॅडम. त्यापेक्षा म्याच उचलते."

बारसं, मयत, लग्न, पूजा, त्यांना कुठलंही ठिकाण वर्ज्य नव्हतं. माझ्या भाचीच्या बाळाच्या बारशाला एका म्हातारीनं सहज विचारलं, "किती पौंडाचं झालंया लेकरू?" झालं! पौंड हा शब्द कानावर पडल्यावर सर पाटावरून उठले आणि थेट पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले. लेकरू भुकेनं रडत होतं, आई पदर सावरत बसली होती, बायका खाली बघत होत्या, आणि हे रोमपासून सुरू. शेवटी माझ्या बहिणीनं त्यांच्या हातात जेवणाचं ताट दिलं आणि धरून बाहेर नेलं. ते जेवताना सुद्धा बोलत होते म्हणे. मी बघायला गेले नाही.

सुगीत ते मोंढ्यात जायचे. सोयाबीनच्या ट्रॉल्या सकाळपासून रांगेत, माणसं उपाशी, आडत्या ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडायला बसलेला, आणि काट्याशेजारी सर छत्री टेकून उभे. "तुम्ही ज्याला क्विंटल म्हणता तो पूर्वी शंभर पौंडांचा होता. इंग्रजांकडं कधी एकशे बारा पौंडांचा. शंभर किलोचा हा अगदी अलीकडचा." एका शेतकऱ्यानं पोत्यावर बसल्याबसल्या त्यांना सांगितलं, "सर, तुमचा क्विंटल कुठूनबी यीना. आमचा कुठं चाललाय तेवढं बघू द्या." सगळा मोंढा हसला. सरही हसले. त्यांना वाटलं, माणसाला विषयात गोडी लागली. दुसऱ्या दिवशी ते त्या शेतकऱ्याला शोधत त्याच्या वस्तीवर गेले.

किंताराचा धागा त्यांना गावातल्या मशिदीच्या मौलानांकडून मिळाला होता. मौलाना भला माणूस. त्यांनी चहा पाजला, कुराणात किंतार हा शब्द सोन्याच्या मोठ्या ढिगासाठी येतो हे समजावून सांगितलं, आणि घाई नाही, पुन्हा या म्हणाले. सर पुन्हा गेले नाहीत. पुढं त्यांनी पुस्तक काढलं त्यात लिहिलं, 'अरबी साधनांचा मी स्वतः कसून धांडोळा घेतला असता...' मी ते वाक्य वाचून पुस्तक मिटलं.

पुस्तकाचं नाव होतं 'क्विंटल : एका शब्दाचा दिग्विजय'. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशानं सोलापुरात छापून आणलं. अंगानं अगदी बारीक. मुखपृष्ठावर एक पोतं आणि पोत्याशेजारी हनुवटीला बोट लावून सर. प्रस्तावनाही सरांचीच, कारण प्रस्तावना लिहू शकेल असा माणूस जिल्ह्यात मिळाला नाही, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं. पुस्तक खपलं नाही. सर ते फुकटही देत नसत. "फुकट दिलं की लोक मुळाशी जात नाहीत," म्हणायचे. त्यामुळं सगळे गठ्ठे घरात. पलंगाखाली गठ्ठे, देवघराशेजारी गठ्ठे, एका गठ्ठ्यावर काकूंचा पिठाचा डबा.

आता वाचनालयाबद्दल सांगायला हवं. नोकरी संपल्यावर मी गावचं सार्वजनिक वाचनालय बघायला घेतलं. दोन खोल्या, एक पंखा, धार्मिक पोथ्या आणि पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्या. पण दुपारनंतर तिथं पोरं-पोरी अभ्यासाला बसायची, कारण घरी जागा नाही. त्यात नसरीन होती. हायवेवर तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पळण्यात आणि गोळाफेकीत पहिली, लेखीत मात्र दोन वेळा थोडक्यात हुकलेली. तिच्याकडं बुद्धिमत्ता चाचणीचं एकच पुस्तक होतं, तेही नळदुर्गच्या मैत्रिणीचं, मधली पानं गेलेलं. गेलेल्या पानांवरचंच परीक्षेत येतं असं ती म्हणायची आणि हसायची. मला हसू येत नसे. तिचे अब्बा वाईट माणूस नव्हे. ते एकदा येऊन मला म्हणाले, "म्याडम, ही एक बारी. हुतं का बघूत. न्हायतर सोयरीक चालून आलीय, पोरगा चांगला हाय, किती थांबवू?" त्यांचंही चूक नव्हतं. पुस्तकं हवी होती, एवढं मात्र सरळ होतं.

त्याच सुमाराला सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांची पंचाहत्तरी करायचं ठरवलं. पुढाकार बालाजीचा. खताचं मोठं दुकान आहे त्याचं, स्वभावानं मोकळा, दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला. सरांवर त्याचं प्रेम कशानं होतं हे मला अजून कळलेलं नाही. तो माझ्याकडं आला. "म्याडम, सरांची ग्रंथतुला करूत. पुस्तकं तुमच्या वाचनालयाला. कसली पायजेत ते सांगा."

आमच्याकडं नवसाचं लेकरू गुळानं नाहीतर पेढ्यानं तोलतात, तशीच पुढाऱ्यांची आणि गुरुजींची पुस्तकांनी तुला होते. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात पुस्तकं, आणि जे पारड्यात पडलं ते दान. ते माघारी न्यायचं नाही. बालाजीला मी भरतीची, गणिताची, व्याकरणाची पुस्तकं सांगितली. त्यानं सोलापूरच्या दुकानदाराकडून तीन खोकी भरून आणली. बोली अशी, की पारड्यात जातील तेवढी विकत, उरतील ती दुसऱ्या दिवशी परत. नसरीननं खोकं उघडून वरचं पुस्तक हातात घेतलं, मधली पानं आहेत का ते आधी बघितलं, आणि परत जागच्या जागी ठेवलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सर बालाजीच्या दुकानात गेले. मी तिथंच होते.

"तुलेत पुस्तकं कुठली?" त्यांनी विचारलं.

बालाजीनं सांगितलं.

"गाईडं?" सरांनी छत्री खताच्या पोत्यावर आपटली. "पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला गाईडांनी तोलता? माझ्या तुलेत माझं पुस्तक. दुसऱ्याचा एक कागद चालणार नाही."

मी म्हणाले, "सर, एकाच पुस्तकाच्या एवढ्या प्रती वाचनालयात ठेवून करायचं काय?"

"लोक वाचतील. रांग लागेल. तेव्हा प्रती कमी पडायला नकोत." हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते. आयुष्यात त्यांनी कधी चेष्टा केली नाही.

मी पोरीबद्दल सांगितलं. लेखी परीक्षा कधी आहे, तिचे अब्बा काय म्हणाले, सगळं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिलाही माझं पुस्तक द्या. मुळाशी जाईल." माझा संताप संताप झाला. सत्कारमूर्तीशी भांडायचं नसतं म्हणून बालाजीनं मला हातानं गप्प राहायची खूण केली, आणि खोकी खताच्या पोत्यांमागं ढकलली. मग त्यानं हळूच विचारलं, "सर, तुमचं वजन तेवढं काट्यावर बघूत का? म्हंजे पुस्तकं पुरतेत का ते कळंल."

"काटा मला सांगणार?" सर म्हणाले. "अठ्ठेचाळीस किलो."

हा आकडा त्यांच्या नोकरीला लागतानाच्या डॉक्टरी दाखल्यावरचा होता. वजन या शब्दाचं सगळं खानदान तोंडपाठ असलेला हा माणूस त्यानंतर एकदाही काट्यावर उभा राहिला नव्हता. मधल्या काळात काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या होत्या, शेंगदाण्याचे लाडू होते, आणि कसलंही ओझं न उचलण्याची सवय होती. समोरच्या सफारीची बटणं काय सांगत होती ते आम्हाला दिसत होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मांडव. बालाजीनं कुठल्याशा जुन्या आडतीतून लाकडी पारड्यांचा मोठा ताजवा आणून तीन वाशांवर टांगला होता, आणि लागलीच तर म्हणून ती खोकीही मांडवामागं आणून ठेवली होती. झेंडूच्या माळा, फलक, फलकावर पोत्याशेजारचे सर. सर फेटा बांधून, शाल पांघरून पारड्यात मांडी घालून बसले. हमालानं दुसऱ्या पारड्यात पहिला गठ्ठा ठेवला आणि रीतीप्रमाणे एक न म्हणता "लाभ" म्हणाला. मग दोन, तीन असं मोजत गेला. बायका ओवाळायला तयार होत्या.

गठ्ठे संपले. सर होते तिथंच जमिनीला टेकलेले होते. समोरचं पारडं आपलं हवेत.

हमालानं इकडं तिकडं बघितलं. बालाजीनं काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "होते तेवढे सगळे आणलेत. माझा पिठाचा डबा बी खाली ठिवला." मागून कुणीतरी खुसूखुसू हसलं. हसू पसरायला लागलं तसा बालाजी घाबरला. तुलेत पारडं उचललं नाही तर बसणाऱ्याची शोभा होते, आणि ती शोभा गावात पिढीभर पुरते. तो सरांच्या कानाशी वाकला. "सर, मागं ती खोकी हायत. वर थोडी ठिऊत का?"

"गाईडं?" सर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले. "हे या मॅडमचं कारस्थान आहे. ताजवा वाकडा आहे. मी उतरतो."

आणि त्यांनी खरंच एक पाय पारड्याबाहेर काढला.

बालाजीची आई पुढं धावली. "पाय टेकू नका ओ सर! अर्ध्यातनं उठलं की तुळा मोडती. इपरीत असतंय ते." सर कसले ऐकतायत! छत्रीचा आधार घेऊन ते उठायच्या बेतात होते. सर उतरले असते तर तुला मोडली, आणि तुला मोडली की खोकी उद्या सोलापूरला. नसरीन पाहुण्यांना पाणी देत होती. तिनं हातातली घागर खाली ठेवली. तिचं तोंड मी बघितलं. त्यावर काय होतं ते मी विसरणार नाही. रडू नव्हतं. परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत पोरं दिसतात तसं काहीतरी होतं.

ती सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "सर, एक इचारू का?"

"काय?"

"ह्यो क्विंटल शब्द आला कुठून?"

ज्यांनी ज्यांनी तो शब्द ऐकला होता, म्हणजे सगळ्यांनीच, त्यांनी श्वास धरला. चाळीस-पन्नास वर्षं सर ही गोष्ट सांगत होते, पण ती त्यांना कुणी विचारलेली नव्हती. एकदाही नाही. सरांचा बाहेरचा पाय हळूहळू आत गेला. त्यांनी मांडी घातली, शाल सारखी केली, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"खरंच पाहिजे तुला?" त्यांनी विचारलं.

"व्हय सर. मुळापासनं सांगा."

सर बोलायला लागले की डोळे मिटतात. ते रोमला पोचले तेव्हा नसरीननं पाठीमागं हात करून वाचनालयातल्या पोरींना खूण केली. पोरींनी खोकं फोडलं. हमालानं या वेळी मोजलं नाही. पोरी एकेक पुस्तक आणून पारड्यात अशी ठेवत होत्या, की कागदाचा आवाजसुद्धा होऊ नये. "मग ग्रीकांनी काय केलं सर?" नसरीन विचारत होती. सर ग्रीकांचं सांगत होते. दुसरं खोकं फुटलं. अरब आले तशी ताजव्याची साखळी कुरकुरली आणि सर जमिनीवरून चार बोटं उचलले गेले. त्यांना पत्ता नाही. "किंतार! सोन्याचा ढीग, पोरी!" स्पेनमध्ये ते हमालाच्या गुडघ्याइतके वर आले. बालाजीची आई तोंडाला पदर लावून बघत होती. फ्रान्समध्ये पुस्तकांचं पारडं खाली टेकलं, तरी पोरी थांबेनात. त्या तिसरं खोकं रिकामं करूनच थांबल्या.

"आणि इंग्रजांकडून कुठं आला?" सरांनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे थांबले.

"आपल्या मोंढ्यात!" सगळा मांडव एका सुरात ओरडला. टाळ्या कडाडल्या. सरांनी डोळे उघडले. ते अधांतरी होते, बायका ओवाळत होत्या, माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. या टाळ्या आपल्या शब्दाला आहेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते सगळं बघून मला चीड आली. पोरीच्या डोक्याला मिळालेल्या टाळ्या हा माणूस स्वतःच्या फेट्यात खोवून घेत होता.

खाली उतरल्यावर त्यांना समोरचं पारडं दिसलं. "ही गाईडं काढा," ते म्हणाले. बालाजीच्या आईनं ठणकावून सांगितलं, "तुळत पडलेलं माघारी नेत नसतेत सर." विषय संपला.

म्हणजे मला वाटलं संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर वाचनालयात हजर. नसरीनशेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काल टाळ्यांमुळं पौंडाचं राहिलं." त्यानंतर ते रोज यायला लागले. गावात सांगत फिरायचे, "आयुष्यात एक विद्यार्थिनी भेटली. मुळाशी जाणारी." माझ्यासमोरही म्हणाले, तेही आम्ही दोघं जणू पूर्वी कधी भेटलोच नाही अशा आवाजात. रोजचा अर्धापाऊण तास. नसरीन पुढ्यात पुस्तक उघडून मान हलवायची, मधूनच "व्हय सर" म्हणायची. त्यांचं पुस्तक कपाटात दोन ओळींत लावलेलं होतं. तिकडं ती बघायचीही नाही आणि कुणीच बघायचं नाही.

परीक्षा तोंडावर आली तसं मला राहवेना. सर गेल्यावर मी तिला म्हणाले, "मी सांगते त्यांना, येऊ नका म्हणून."

"नगा म्याडम. इचारलं तर म्याच ना."

"अगं, पण ऐकत बसतेस कशाला?"

"ऐकत कुठं बसते?" ती म्हणाली. "ते बोलतेत तवर म्या मनात वर्गमुळं काढते. लई सवय झाली बघा. आता गोंधळात बी गणित चुकत न्हाय."

परीक्षा झाली. निकाल लागला. नसरीनचं नाव यादीत आलं. तिच्या अब्बांनी वाचनालयात येऊन सगळ्यांना पेढे दिले. मला रडू आलं, मी लपवलं नाही. पोरगी प्रशिक्षणाला गेली. जाताना तिनं पुस्तकं धूळ झटकून कपाटात लावली आणि नळदुर्गच्या मैत्रिणीचं ते पानं गेलेलं पुस्तक परत करायला सोबत नेलं.

त्याच संध्याकाळी सर आले. पेढ्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते पंधरा दिवस अंग दुखतंय म्हणून घरीच होते. नेहमीच्या खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी.

"आली नाही?"

"निवड झाली तिची. ट्रेनिंगला गेली."

"गेली?" त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सांगून नाही गेली."

मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. पोरगी गडबडीत होती, घरी पाहुणे होते, असं काहीतरी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

खोलीत तीन पोरं वाचत होती. सरांनी एकाकडं बघितलं, त्यानं पुस्तक तोंडासमोर धरलं. दुसऱ्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग ते उठून माझ्या टेबलापाशी आले.

"टनाचं अर्धं राहिलं होतं," ते म्हणाले. आणि मग ते काहीतरी बोलले, जे इतक्या वर्षांत कधी कुणाला बोलले नव्हते. "मॅडम, तुम्हाला सांगू का? वेळ असेल तर."

शेजारच्या खुर्चीत बसून काढलेली सगळी वर्षं मला आठवली. पाळण्यापाशी रडणारं लेकरू आठवलं, खताच्या पोत्यावर आपटलेली छत्री आठवली. मला त्यांची दया आली नाही, हे स्पष्टच सांगते.

"सर, वाचनालय बंद करायची वेळ झाली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडं बघितलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. ते पायऱ्या उतरून गेले. मी उठले आणि दार लावून घेतलं. आत ती तीन पोरं अजून वाचत बसली होती.